नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना एआय शिकवायचं आहे? आधी श्वास मोजायला लावा

बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत एआयचा विषय ठरलेल्या पद्धतीने उरकला जातो. संगणक क्षेत्रातले पाहुणे येतात, शस्त्रक्रिया करणाऱ्या रोबोटच्या स्लाइड दाखवतात, चॅटबॉटला दोन प्रश्न विचारतात आणि आभारप्रदर्शन होतं. दुसऱ्या दिवशी तेच विद्यार्थी वॉर्डात जाऊन टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर श्वसनाचा दर न मोजताच १८ लिहितात.

परिचारिकेचा या यंत्रणांशी संबंध दोन टोकांना येतो. नोंद ती भरते आणि इशारा वाजल्यावर रुग्णाकडे तीच धावते. मधलं गणित तिला जुजबी कळलं तरी भागतं. ही दोन टोकं मात्र पक्की हवीत. शिकवताना नेमकं उलटं होतं, म्हणून खालचा क्रम बदलू नका.

## तयारी: वर्गात जाण्याआधी

बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात आरोग्य व परिचर्या माहितीशास्त्राचा विषय आहे. त्यात सिद्धांताचे ४० आणि प्रयोगशाळेचे ४० तास आहेत. टप्पा १ ते ५ त्यातल्या साधारण १० तासांत बसतात. टप्पा ६ आणि ७ तिसऱ्या-चौथ्या सत्रातल्या प्रौढ आरोग्य परिचर्येच्या पोस्टिंगसाठी राखून ठेवा. वॉर्डाचा अनुभव नसलेल्या मुलांना इशाऱ्याला प्रतिसाद कसा द्यायचा हे सांगून काही पोचत नाही.

सामान फार लागत नाही:

- न्यूज-२ चा छापील तक्ता, प्रत्येकाला एक. श्वसन, नाडी, रक्तदाब अशा आकड्यांना गुण देऊन रुग्ण बिघडतोय का हे सांगणारी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची ही गुणपद्धती, २०१७ ची आवृत्ती.
- सहा काल्पनिक रुग्णांचे चार्ट. खऱ्या केसपेपरचं नाव खोडून वापरू नका, नव्याने रचा.
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कॅल्क्युलेटर.
- चार-पाच जणांच्या गटामागे एक संगणक.
- टप्पा ५ मधल्या प्रश्नांना चॅटबॉटने दिलेली उत्तरं, आधीच छापून.

शेवटची गोष्ट चुकवू नका. त्याच प्रश्नाला चॅटबॉट दोनदा वेगळं उत्तर देऊ शकतो, आणि कॉलेजचं इंटरनेट नेमकं तासाच्या वेळी रुसतं.

> तपासा: पाठ्यनिर्देशिकेने (शिकवणाऱ्या ट्यूटरने) सगळे व्यायाम स्वतः सोडवले आहेत का? टप्पा ३ मधली आकडेमोड फळ्यावर अडली की वर्गाचा विश्वास तिथेच संपतो.

## टप्पा १: काय एआय आहे, काय नाही (१ तास)

व्याख्या लिहून देऊ नका. दहा कार्डं करा: इन्फ्युजन पंपाचा अलार्म, मॉनिटरवरची नाडीची मर्यादा, न्यूज-२, ब्रेडन स्केल (अंथरुणाच्या जखमांचा धोका मोजणारी), छातीच्या एक्स-रेवर क्षयाचा संशय दाखवणारं सॉफ्टवेअर, डोळ्याच्या पडद्याचा फोटो तपासणारं सॉफ्टवेअर, सेप्सिसचा (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा) अंदाज देणारी यंत्रणा, बोललेलं टिपून घेणारं अॅप, चॅटबॉट, औषधांची परस्परक्रिया दाखवणारी यादी. गटांनी त्यांचे तीन ढीग करायचे: माणसाने ठरवलेल्या नियमावर चालणारी, पूर्वीच्या नमुन्यांवरून शिकलेली, आणि शिकून नवा मजकूर तयार करणारी.

पंपाचा अलार्म आणि न्यूज-२ पहिल्या ढिगात जातात. परस्परक्रियेची यादीही बहुधा तिथेच. निम्मा वर्ग तरी मॉनिटरच्या अलार्मला एआय म्हणेल. तिथे थांबा आणि विचारा, ही मर्यादा कोणी ठरवली? वॉर्डात ती बदलता येते का? ज्याची मर्यादा सिस्टर स्वतः बदलू शकते आणि ज्याच्या आत काय चाललंय ते डॉक्टरांनाही दिसत नाही, या दोन यंत्रांवर विश्वास ठेवण्याची रीत वेगळी असते.

तिसरा ढीग संपला की एक प्रश्न टाका. क्षयाच्या तपासणीत छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, ती १५ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीचं क्यूएक्सआर अशाच प्रकारचं सॉफ्टवेअर आहे. आता ९ वर्षांच्या मुलाचा एक्स-रे अशा सॉफ्टवेअरमधून गेला आणि 'संशय नाही' असं आलं, तर त्या निकालाचं काय करायचं? हे यंत्र कोणासाठी तपासलं गेलंय हे विचारायची सवय इथून लागते.

## टप्पा २: नोंद चुकली की सगळंच चुकतं (३ तास)

वर्गातल्या टप्प्यांत सर्वांत जास्त वेळ पाचव्याला आणि या टप्प्याला द्या. घाईत हाच कापला जातो.

आधी जोड्या करा आणि एकमेकांचा श्वसनाचा दर पूर्ण ६० सेकंद मोजायला लावा. समोरच्याला न सांगता, नाडी धरल्याचं भासवून. मग १५ सेकंद मोजून चारने गुणायला सांगा. १५ सेकंदांत एक श्वास इकडचा तिकडे झाला की मिनिटाचा आकडा चारने हलतो. हा फरक पुढच्या गणितात काय करतो ते आता कागदावर येऊ द्या.

रुग्ण ५८ वर्षांचा. ऑक्सिजन न लावता रक्तातली ऑक्सिजनची पातळी (संपृक्तता) ९४ टक्के, वरचा रक्तदाब १०८, नाडी १०४, ताप ३८.२ अंश सेल्सिअस, पूर्ण शुद्धीवर. चार्टवर श्वसन १८ लिहिलेलं आहे. गुण काढा:

- श्वसन १८: ०
- संपृक्तता ९४: १
- बाहेरून ऑक्सिजन नाही: ०
- रक्तदाब १०८: १
- नाडी १०४: १
- शुद्ध: ०
- ताप ३८.२: १

एकूण ४. कमी धोक्याचा गट. आता तोच रुग्ण, पण श्वसन खरोखर मोजलं आणि २४ आलं. त्याचे २ गुण, एकूण ६, म्हणजे डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचा रुग्ण. २५ आलं तर ३ गुण, एकूण ७, आणि आपत्कालीन प्रतिसाद. बाकी एकही आकडा बदललेला नाही.

वर्ग शांत झाला की सांगा: हा तक्ता हाताने भरला काय आणि सॉफ्टवेअरने भरला काय, सवयीने लिहिलेल्या १८ ला ओळखणारं यंत्र वॉर्डात नाही. एआयच्या यंत्रणा याच नोंदींवर चालतात आणि याच प्रकारच्या नोंदींवर शिकलेल्या असतात.

यानंतर बाकीच्या नोंदींकडे या. ऑक्सिमीटरचा सैल बसलेला प्रोब, गार पडलेला हात, नेलपॉलिश, मोठ्या दंडाला बीपी यंत्राचा लहान पट्टा (कफ), चार तासांच्या नोंदी एकदम ड्यूटी संपताना भरणं. शेवटची चूक सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण त्याला बिघाड कधी सुरू झाला हेच कळत नाही.

पल्स ऑक्सिमीटरबद्दल एक गोष्ट जरूर सांगा. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचे आकडे आले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन धोकादायक कमी निघालेल्यांचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं, गोऱ्यांत ३.६ टक्के. गडद त्वचेच्या रुग्णांच्या देशात काम करणाऱ्या परिचारिकेने आकड्याबरोबर ओठ, श्वासाचे कष्ट आणि बेचैनी पाहायची ती यासाठी.

> सावधान: न्यूज-२ सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी वापरायचं नसतं. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो अशा रुग्णांना संपृक्ततेच्या गुणांची दुसरी मोजपट्टी असते, तीही डॉक्टरांनी ठरवल्यावरच. एक चार्ट मुद्दाम २८ आठवड्यांच्या गरोदर बाईचा ठेवा आणि न विचारता गुण काढत बसणारे गट शोधा.

## टप्पा ३: खोट्या इशाऱ्यांचं गणित (२ तास)

संवेदनशीलता आणि विशिष्टता हे शब्द मुलांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असतात. इथे शब्द बाजूला ठेवून माणसं मोजायची.

फळ्यावर लिहा: १,००० रुग्ण, त्यातल्या २० जणांना सेप्सिस. यंत्रणा आजारी असलेल्या १०० पैकी ८० जणांना पकडते आणि नसलेल्या १०० पैकी १० जणांवर उगाच वाजते. आधी अंदाज घ्या: इशारा वाजला तर रुग्णाला खरंच सेप्सिस असण्याची शक्यता किती? उत्तरं ८० टक्क्यांच्या आसपास येतील. मग मोजा.

२० पैकी १६ पकडले, ४ सुटले. उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांवर खोटा इशारा. एकूण इशारे ११४, खरे १६. म्हणजे १४ टक्के. दर सात इशाऱ्यांमागे साधारण एकच खरा.

लगेच दुसरी फेरी. हीच यंत्रणा अतिदक्षता विभागात लावली, जिथे १,००० पैकी २०० जणांना सेप्सिस आहे. आता १६० खरे, ८० खोटे, म्हणजे तीनातले दोन इशारे खरे. यंत्र तेच, वॉर्ड बदलला. 'अमुक टक्के अचूक' असं सांगणाऱ्या कंपनीच्या माणसाला 'कुठल्या वॉर्डात?' हा प्रश्न विचारायला मुलं आपणहून शिकतात.

आता खरं उदाहरण द्या. एपिक कंपनीची सेप्सिस यंत्रणा अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत होती. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात ३८,४५५ भरती तपासल्या गेल्या आणि २०२१ मध्ये निकाल छापून आला. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण यंत्रणेने पकडलेच नाहीत, आणि तरीही भरती झालेल्या १८ टक्के रुग्णांवर ती वाजली. एकाच यंत्रणेत दोन्ही दोष.

इथे वर्ग हमखास घसरतो: 'म्हणजे हे सगळं निरुपयोगीच.' तसं सोडू नका. पहिल्या उदाहरणात यंत्रणा न वाजलेले ८८६ रुग्ण आहेत आणि त्यात सेप्सिसचे फक्त चार. मनुष्यबळ मर्यादित असताना कोणाकडे आधी जायचं हे ठरवायला ही माहिती उपयोगी आहे. ते चार मात्र कोणी शोधायचे, हा प्रश्न गृहपाठाला द्या.

## टप्पा ४: गोपनीयता, चॅटबॉट उघडण्याआधी (१ तास)

हा टप्पा पाचव्यानंतर घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. तोपर्यंत कुणीतरी केसपेपरचा फोटो चॅटबॉटला देऊन मोकळं झालेलं असतं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मुलांना कलमानुसार नको. त्यांना यादी हवी. नाव, मोबाइल, आंतररुग्ण क्रमांक, १४ अंकी आभा (आरोग्य ओळख) क्रमांक, चेहरा, केसपेपर किंवा अहवालाचा फोटो, वॉर्ड-बेड-तारीख ही तिन्ही एकत्र: यातलं काहीही बाहेरच्या अॅपमध्ये जाता कामा नये. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटालाही हाच नियम.

मग व्यायाम. 'नाव काढलंय, आता चालेल ना?' असं म्हणत हा परिच्छेद द्या: 'तालुक्याच्या गावची महिला सरपंच, वय ३४, परवाच्या जीप अपघातात जखमी, चौथा महिना.' नाव नसलं तरी अख्खा तालुका तिला ओळखेल. गटांनी तो परिच्छेद असा बदलायचा की शिकण्यापुरतं वैद्यकीय सार राहील आणि माणूस ओळखू येणार नाही.

> तपासा: प्रत्येक गटाचा परिच्छेद दुसऱ्या गटाने वाचावा. 'कोण असेल' याचा अंदाज बांधता आला तर पुन्हा लिहायचं. हे जमल्याशिवाय पाचव्या टप्प्याचा संगणक सुरू करू नका.

## टप्पा ५: चॅटबॉटची परीक्षा (३ तास)

नियम एकच: आधी स्वतःचं उत्तर पेनाने कागदावर, मग छापील उत्तर. उलट केलं तर चॅटबॉटच्या सफाईदार भाषेपुढे मुलांचं स्वतःचं डोकं चालेनासं होतं, आणि ते झालेलं त्यांना कळतही नाही.

इन्सुलिन. प्रश्न असा टाका: '२० युनिट इन्सुलिन म्हणजे किती मिली?' आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या वायल सर्रास वापरात आहेत, तर परदेशी मजकूर बहुतेक १०० युनिट प्रति मिली धरून चालतो. ४० च्या वायलमधून २० युनिट म्हणजे ०.५ मिली. १०० च्या औषधातून ०.२ मिली. आता हाताने तपासा: ४० च्या वायलमधून १०० ची, नारिंगी टोपणाची सिरिंज वापरून २० च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला मिळतात फक्त ८ युनिट. उलट, १०० चं औषध ४० च्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ५० युनिट. उत्तरात चॅटबॉटने तीव्रता विचारली का, की गृहीत धरली? गुण याला द्यायचे.

पॅरासिटामॉल. १२ किलोचं मूल, किलोला १५ मिलिग्रॅम, एकूण १८० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ७.२ मिली, ५ मिलीत २५० चं असेल तर ३.६ मिली, आणि मिलीला १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर १.८ मिली. आईने घरातली बाटली कुठली काढली यावर मात्रा चौपट होऊ शकते. 'किती मिली द्यायचं' हा प्रश्न बाटली न बघता सोडवता येत नाही, चॅटबॉटलाही नाही.

घरी जाताना द्यायचा सल्ला. इंग्रजीतला डिस्चार्ज सल्ला मराठीत करून घ्या. मूळ मजकुरात ओडी, एसओएस आणि एचएस ही तिन्ही संक्षेपाक्षरं असू द्या. एसओएस म्हणजे गरज पडली तरच, एचएस म्हणजे झोपताना. ओडी म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा, डोळ्यांच्या विभागात तेच उजवा डोळा ठरतं. मराठी उतरल्यावर तीन गोष्टी बघा: मात्रा आणि वेळ मूळ कागदाशी जुळते का, 'लगेच परत या' ची लक्षणं गळाली नाहीत ना, आणि कमी शिकलेल्या नातेवाइकाला ते वाचून दाखवल्यावर समजेल का. 'रक्तस्राव आढळल्यास त्वरित संपर्क साधावा' हे शुद्ध मराठी आहे, पण ते ऐकून आजीबाई काय करतील याची खात्री नाही.

छापील उत्तर बरोबर निघालं तर गडबडू नका. मुलांनी ते कशाच्या आधारे बरोबर ठरवलं ते लिहून घ्या. बाटलीवरचं लेबल, औषधाचं माहितीपत्रक, डॉक्टरांची लेखी ऑर्डर असा आधार असला तर गुण. 'पटलं म्हणून' याला शून्य.

## टप्पा ६: वॉर्डात एका आकड्याचा माग (दोन सकाळी)

मेट्रनची लेखी परवानगी आणि वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरशी आधी बोलणं, या दोन्हींशिवाय जाऊ नका. रुग्णालयात एआयचं काहीच नसेल तरी अडत नाही. मध्यवर्ती मॉनिटर किंवा संगणकावरची नोंद घेऊन हाच व्यायाम होतो.

गटाने एकच आकडा निवडायचा आणि त्याचा माग काढायचा. तो कोणी, कशाने, कधी घेतला? कुठे भरला गेला? मर्यादेबाहेर गेला तर कुठे दिसतं? रात्री दोन वाजता ते कोण बघतं? यंत्र बंद पडलं तर कागद कुठे आहे?

जाण्याआधी थायलंडची हकिकत सांगा. तिथल्या दवाखान्यांत परिचारिका मधुमेहींच्या डोळ्यांचे फोटो काढत आणि गूगलची यंत्रणा ते तपासत असे. २०२० मध्ये आलेल्या अभ्यासानुसार दर पाचांतल्या एकाहून थोडे जास्त फोटो यंत्रणेने नाकारले, कारण खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता. इंटरनेट अडलं की रांग थांबायची. ज्यांचा फोटो नाकारला गेला त्यांना दुसऱ्या ठिकाणी तज्ज्ञाकडे जायला सांगावं लागे, आणि ते सांगायचं काम परिचारिकांकडे आलं. हा गुंता यंत्रणा आणल्यावर, दवाखान्यातच दिसला.

> सावधान: पोस्टिंगच्या काळात विद्यार्थ्याने स्वतःच्या फोनवरच्या चॅटबॉटला विचारून रुग्णासाठी काहीही करायचं नाही. शंका आली तर सिस्टर, मग डॉक्टर.

## टप्पा ७: इशारा वाजल्यावर काय बोलायचं, काय लिहायचं (२ तास)

भूमिका वाटून सराव घ्या. पहिल्या फेरीत हमखास असा फोन होतो: 'सर, बेड १२ चं सॉफ्टवेअर लाल दाखवतंय.' ही माहिती अपुरी आहे. डॉक्टर विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं फोन उचलण्याआधी हाताशी हवीत. क्रम ठरवून द्या: आधी रुग्णाकडे जा, स्वतः मोजा, मग फोन.

'सर, मेल मेडिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड १२, वय ५८, न्यूमोनियासाठी कालपासून भरती. श्वसन मी आत्ता पूर्ण मिनिट मोजलं, २४ आहे, सकाळी १८ लिहिलेलं होतं. संपृक्तता ९४ हवेवर, बीपी १०८ वर ६६, नाडी १०४, ताप ३८.२. न्यूज ६. यंत्रणेचा इशाराही आलाय. तुम्ही येऊन बघावं असं वाटतं. तोवर काय सुरू करू?'

इशाऱ्याचा उल्लेख शेवटी, एका वाक्यात. नोंदवहीत इशाऱ्याची वेळ, स्वतः मोजलेले आकडे, कोणाला कधी कळवलं, काय ऑर्डर मिळाली आणि ती कधी अमलात आणली, एवढं यायलाच हवं.

दुसरी फेरी अवघड ठेवा: यंत्रणा हिरवी, गुण २, पण नातेवाईक म्हणतात 'हे आज नेहमीसारखे बोलत नाहीत'. शुद्धीत नवा फरक न्यूज-२ मध्ये थेट ३ गुणांचा असतो आणि एकाच निकषात ३ आले की डॉक्टरांना बोलवायचं असतं. आधीच्या सिस्टरने 'शुद्धीवर' लिहिलंय म्हणून जो विद्यार्थी थांबतो, त्याला पुन्हा दुसऱ्या टप्प्याचा चार्ट द्या.

## मूल्यमापन

'एआयचे पाच फायदे लिहा' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी १५ मिनिटांचं एक स्टेशन (प्रात्यक्षिक परीक्षेतलं एक टेबल), २० गुणांचं. विद्यार्थ्याला मूळ चार्ट आणि चॅटबॉटने तयार केल्यासारखा हँडओव्हरचा (ड्यूटी बदलताना रुग्ण सोपवण्याचा) सारांश द्या. सारांशात तीन चुका पेरा: पेनिसिलिनची अॅलर्जी गाळलेली, डाव्याचा उजवा पाय झालेला, आणि रात्रीचा डोस 'दिला' असं लिहिलेलं जरी चार्टवर सही नाही. चुका शोधण्याला ९ गुण, न्यूज-२ बरोबर काढण्याला ५, फोनवरच्या कळवण्याला ६. अॅलर्जी सुटली तर बाकी गुण कितीही असोत, स्टेशन पुन्हा द्यायचं.

नापास झालेल्यांना सगळा अभ्यास पुन्हा नको. सारांशातली चूक सुटली तर टप्पा ५, गुण चुकले तर टप्पा २, फोन अडखळला तर टप्पा ७, आणि पंधरा दिवसांनी नव्या चार्टवर तेच स्टेशन.